चाकावरची खाच

परशराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी निपाणीला, भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो. फोनवर बायको होती. सकाळी चहा घेतला, खुर्चीत टेकला आणि मान टाकली, एवढंच ती बोलली. ताटावरनं उठलो, नळाखाली हात धरले आणि... आता लिहायलाच बसलोय तर खोटं कशाला लिहू? पहिला विचार मनात आला तो असा, की शहापूरच्या लग्नाच्या साड्यांचं मरून रंगाचं सूत आता माझ्याकडं येणार. रडू नंतर आलं, गाडीत, संकेश्वर मागं पडल्यावर.

वडगावात आमच्या दोघांच्या रंगाईच्या शेड, ज्याच्या त्याच्या घरामागं. विणकरांचं सूत रंगवून द्यायचं हे काम. रंगाचा हौद, त्यात सोडलेल्या सुताच्या लड्या, आणि हौदाला वाफ देणारा डिझेलवरचा लहानसा बॉयलर. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आम्हा दोघांना एकाच हौदावर शिकवलं. मी पोटचा, परशराम मागच्या गल्लीतला. तरी ओली लडी उजेडात धरून रंग बघायची वेळ आली की आप्पा हाक मारायचे, "परशा, बघ रं जरा." मी तिथंच हातभर अंतरावर उभा! तो बघायचा, अजून पाच मिनिटं म्हणायचा, आणि पाच मिनिटांनी रंग खरंच बसलेला असायचा. हेच मला सोसायचं नाही. तो चुकत असता तर आमची दोस्ती लई सुखाची झाली असती. आप्पा शेवटी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांचं अंग मी पुसत होतो, आणि जपून ठेवलेल्या नमुन्याच्या लड्या त्यांनी परशरामच्या हातात दिल्या.

दिवाळीच्या पहाटे दोन्ही गल्ल्यांतल्या बायका अंघोळीचं कढत पाणी न्यायला त्याच्या अंगणात जायच्या. माझा बॉयलर त्याच्या आधी तापायचा, तरी बादल्यांची रांग तिकडं. त्याच्या पाण्यात काय साखर पडलेली असायची? बायको म्हणायची, पाणी देताना तुम्ही तोंड कसं करता ते एकदा आरशात बघा. बघितलं नाही कधी.

मग गॅस आला. पाइपलाइन आमच्या गल्लीत शिरली आणि त्याच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्या पुढं! डिझेलचा बर्नर काढून गॅसचा बसवला, टाकी उचलून बाहेर ठेवली, चिमणीतली काजळी खरवडून काढली. ज्योत निळी, धूर नाही, कपड्यांना डिझेलचा वास नाही. मी मुद्दाम परशरामला बघायला बोलावलं. खरं सांगायचं तर त्याचा चेहरा मला बघायचा होता.

तो आला, पण ज्योतीकडं गेलाच नाही. दारातच, वाळत घातलेल्या मरून लड्यांपाशी थांबला. गॅसवर रंगवलेला तो पहिलाच घाणा. सुतावर पट्टे उठले होते, कुठं गडद, कुठं फिक्कं. सकाळपासून मला ते दिसत होतं, आणि वाळल्यावर जाईल म्हणून मी स्वतःची समजूत घालत होतो. लग्नाच्या साड्यांचं सूत होतं. असं गेलं असतं तर शहापुरात कुणी मला दारात उभं केलं नसतं. त्यानं एक लडी उजेडाला धरली. मग हौदाच्या कडेला बसून म्हणाला, "तुझा बॉयलर घाईला आलाय रं, बाळू."

डिझेलवर वाफ सावकाश चढायची. आमचे हात त्या सावकाशीला सवकलेले... चहा झाला की हौदात मीठ टाकायचं, पान खाल्लं की लड्या उलटायच्या. गॅसनं वाफ झपकन चढवली, आणि हौद एकदम तापल्यामुळं सुतानं रंग सगळीकडं सारखा घेतलाच नाही. मी मात्र जुन्याच सवयीनं वाफेचा व्हॉल्व्ह पुरा उघडून बसलो होतो. परशराम घरी जाऊन कानस घेऊन आला. व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून तासन्‌तास बसला, कमी कर, जास्त कर, हौदात सूत सोडून बघ. दुपार कलल्यावर त्यानं चाकाच्या कडेला कानशीनं एक खाच पाडली. ती खाच वर आली की थांबायचं, पहिला अर्धा तास त्याच्या म्होरं जायचं नाही. पट्ट्यांचं सूत आम्ही दोघांनी मिळून पुन्हा एक छटा गडद रंगवलं. शहापूरला कुणाला काही कळलं नाही.

कळलं ते भलतंच. चार दिवसांत दोन रंगारी माझ्या दारात. परशरामनंच पाठवलेले, गॅसचं बाळूला विचारा म्हणून. आणि मी काय केलं? चाकावरची खाच दाखवली, छाती काढून सगळं समजावलं, माझंच असल्यागत. त्याला असं सहज देऊन टाकता येतं, ह्याचाही मला हेवा वाटला. परवा त्याच्या शोकसभेत एकानं भाषणात सांगितलं, की परशरामचं मन एवढं मोठं, गॅसचं श्रेय त्यानं कायम बाळूला दिलं. मी मान खाली घालून बसलो. उठून बोलायला पाहिजे होतं. उठलो नाही.

तो गेल्यावर महिन्याभरात पाइप त्याच्या दारात आला. शेड आता त्याची मुलगी गौरी चालवते. तिनं मला बोलावून घेतलं. बाबा म्हणायचे, गॅसचं काकांनाच विचार. घरातसुद्धा त्यानं हेच सांगून ठेवलं होतं! गॅसचा बर्नर पेटला. मी व्हॉल्व्हवर हात ठेवून दुपारपर्यंत बसलो, लड्या सोडून बघितल्या, तो बसला होता तसाच. जागा सापडली तेव्हा कानस हाय का म्हणून विचारायला मान वळवली, तर ती कानस हातात घेऊनच उभी होती.

"गौरी, ही खाचेची युक्ती माझी न्हवं. तुझ्या बाबांनी काढलेली."

"ठाऊक हाय, काका. त्यादिशी ही कानस मीच काढून दिलती. कुणाला बोलू नको म्हणाले, बाळूला लागंल."

म्हणजे त्या घरात सगळं ठाऊक होतं. मी गल्लीतनं छाती काढून जायचो तेव्हा, परशरामकडं वहिनींनी चहा पुढं केला तेव्हा, सगळं. कुणाच्या तोंडावर कधी दिसलं नाही. खाच मी पाडली, पण जरा वाकडी आली. गौरी म्हणाली, चालतंय.

माझ्या शेडमध्ये रोज सकाळी चाक फिरवताना अंगठा त्याच्या खाचेवर येतो. सरळ, स्वच्छ खाच आहे, माझ्यापेक्षा चांगली. खाचेच्या दोन बोटं पुढं उघडून बघावं, असं अजून रोज वाटतं... उघडत नाही.