कमळाकरांनी पाहिलेला अख्खा दिवस

गडबच्या कमळाकरांनी चौतीस वर्षं दिल्लीला संसदेत नोकरी केली, आणि त्या चौतीस वर्षांत लोकसभेचं एका दिवसाचं कामकाज त्यांनी कधी पुरतं ऐकलं नाही. हे सांगितलं की गावातली माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. मग ते समजावून सांगायचे.

त्यांचं काम लघुलेखनाचं. सभागृहाच्या मधोमध मेजाशी बसायचं आणि जो जे बोलेल ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं. पण एका माणसानं फक्त पाच मिनिटं. पाच मिनिटं भरत आली की दुसरा शेजारी येऊन बसायचा, त्याची पेन्सिल चालू झाली की पहिल्यानं चटकन उठायचं, बाहेर जाऊन ते टाइप करायचं, तपासायचं, आणि पाऊणेक तासानं पुन्हा पाच मिनिटांसाठी आत. तोवर सभागृह कुठल्या कुठे गेलेलं असायचं. कमळाकर निघाले तेव्हा रेल्वेवरून हमरीतुमरी चाललेली, परत आले तर ताग. मधलं काय झालं, कोण जिंकलं, कोण खाली बसलं, ते दुसऱ्याच्या वहीत.

पेणच्या टायपिंग क्लासमधून शॉर्टहँड शिकून ते दिल्लीला गेले तेव्हा सव्विशीत होते. लग्न झालं, रोह्याची नूतन सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आली. नवी नवी होती तेव्हा ती रोज संध्याकाळी विचारायची, "आज काय झालं हो?"

"अगं, मंत्री उठले, लाल झाले, म्हणाले, मी आज सगळं उघड करतो..."

"मग?"

"मग माझी पाच मिनिटं संपली."

वर्षभरानं तिनं विचारायचं सोडलं.

निवृत्त होऊन गडबला परत आल्यावर पहिली पाच वर्षं घराचं बांधकाम, भातशेती आणि त्यामागून येणारा वाल यातच गेली. शिवाय गावात कुणाचाही फॉर्म भरायचा असला की तो कमळाकरांकडे यायचा. मग यंदाच्या दिवाळीत त्यांच्या मुलीनं, प्रतिक्षानं, भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला. ती रोह्याला राहते आणि धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिनंच संसद टीव्हीचं चॅनल शोधून दाखवलं. डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं, आणि एका सोमवारी रात्रीच्या जेवणाला कमळाकरांनी जाहीर केलं, "उद्या अकरा ते सहा मला कुणी हाक मारायची नाही. मी एक दिवस पुरा बघणार आहे."

"जेवण?" नूतनबाईंनी विचारलं.

"एक ते दोन सभागृहाला सुट्टी असते. तेव्हा."

"बरं झालं. नाहीतर तुम्हांला डबा घेऊन दिल्लीला यावं लागलं असतं."

मंगळवारी साडेदहालाच कमळाकर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. फोन बंद करून फळीवर ठेवला. अकराला अध्यक्ष आले आणि पडद्यावर सगळे उभे राहिले तेव्हा तेही उभे राहिले, हे नूतनबाईंनी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसून घेतलं. प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. कमळाकरांची बोटं मांडीवर आपसूक हलत होती. पाच मिनिटं झाली तेव्हा ते अर्धवट उठलेसुद्धा, मग ओशाळून परत टेकले. त्यानंतर मात्र ते जे रमले ते रमलेच. नळवाला येऊन गेला, तो परत पाठवला. शेजारची सरू पीठ चाळायची चाळण मागायला आली, तिला हातानंच आत जायची खूण केली.

बारा वाजता शून्य प्रहर लागला. या वेळात खासदार आपापल्या भागातले तातडीचे विषय मांडतात, एकेकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्याच सुमाराला दारात ठमाबाई आली. ठमाबाई खाडीकडच्या गावची, लग्न होऊन गडबला आलेली, आता सत्तरीची. तीस वर्षं तिनं मिठागरात काम केलं होतं. पण पंचक्रोशीत तिचं नाव होतं ते धवल्यांसाठी. आगऱ्यांच्या लग्नात विधीविधीला जी गाणी म्हणतात, ती तिला रात्रभर पुरतील इतकी येत होती, आणि सगळी तोंडपाठ. अक्षराची ओळख मात्र नव्हती.

"दादा, त्यो फारम भराचा व्हता," ती म्हणाली.

"ठमाबाय, सहा वाजता ये गो. आज नाय."

"बसते मंग. घरी तरी काय कराचा हाय?" आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

दहा-पंधरा मिनिटं बरी गेली. एवढ्यात परसातून नूतनबाईंचा आवाज आला, "अहो, म्हैस! वालात म्हैस शिरली!"

नळवाला, सरू, ठमाबाई, कशालाही न हललेले कमळाकर आता मात्र हलले. वाल नुकता दोन पानांवर आला होता. त्यांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा परसाकडे, आणि म्हणाले, "ठमाबाय, कोन काय बोलतंय तेवढं आयकून ठेव," आणि इस्त्रीच्या शर्टानिशी काठी घेऊन धावले.

म्हैस कुणाची होती ते कळलं नाही, पण ती जिद्दीची होती. या बांधावरून हाकलली की त्या बांधावरून आत. नूतनबाई एका बाजूनं, कमळाकर दुसऱ्या बाजूनं. शेवटी तिला रस्त्याला लावून, कुंपणाची काटी सारखी करून कमळाकर धापा टाकत घरात आले तेव्हा चार-पाच मिनिटं गेली होती. पडद्यावर एक दाढीवाले गृहस्थ कुठल्याशा उड्डाणपुलाबद्दल बोलत होते.

"गेलं!" कमळाकर खुर्चीत बसत म्हणाले. "एवढं ठरवून बसलो, आणि मधला तुकडा गेलाच."

"जाईल कुटं? हाय की माझ्याकडं," ठमाबाई म्हणाली. "तूच बोल्लास ना, आयकून ठेव म्हनून? एक बाई बोल्ली, मिठाच्या कामाचा."

"काय बोलली?"

ठमाबाईनं डोळे मिटले, डावा हात कानाशी नेला, जशी ती मांडवात बसते तशी बसली, आणि सुरू झाली. "मॅडम, आपने मुझे बोलने का मौका दिया, धन्यवाद. मॅडम, नमक सबकी थाली में है, लेकिन नमक बनानेवाले का पैर किसी ने देखा है क्या?"

कमळाकर ताडकन सरळ झाले. ही बाई सांगत नव्हती, म्हणत होती. त्यांनी फळीवरची वही ओढली, पेन्सिल उचलली आणि लिहायला लागले. पाच वर्षं न लिहिलेला हात दोन ओळी अडखळला आणि मग सुटला. ती खासदार दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरची होती. तिच्याकडच्या मिठागरात खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय कसे दगडासारखे होतात, पांढऱ्या मिठावरच्या उन्हानं डोळे कसे जातात, प्यायचं पाणी किती लांबून आणावं लागतं, हे सगळं ठमाबाईच्या तोंडून त्याच हिंदीत, त्याच चढउतारांनी येत होतं. मधेच तिनं अध्यक्षांच्या खुर्चीतल्या बाईंसारखा आवाज जाड केला, "बस, हो गया, बैठिये," आणि पुन्हा बारीक केला, "मॅडम, एक मिनट."

"जूते दीजिये, चश्मा दीजिये, पीने का पानी दीजिये, बैठने को छाँव दीजिये," असं म्हणून ती थांबली. "मधीच तिचा माईक बंद झाला."

"अजून काही?"

"गल्यात लाल मन्यांची माल व्हती. बरी दिसत व्हती."

"ते लिहायचं नसतं."

"का रं? एवढी नटून आली ती."

कमळाकर मोठ्यांदा हसले. मग वही मिटून त्यांनी ठमाबाईकडे नीट पाहिलं. त्या चौतीस वर्षांत हाताखालून कितीतरी नवी मुलं गेली, हुशार, पेन्सिल धरून बसलेली. एकाचंही असं झालं नव्हतं.

दुपारचं जेवण झालं, ठमाबाईलाही बसवलं. दोननंतर एका विधेयकावर चर्चा होती. अडीचच्या सुमाराला एका म्हाताऱ्या खासदारानं मंत्र्याला चिमटा काढला, सगळे हसले. साडेपाचला मंत्री उत्तराला उभे राहिले आणि त्यांनी तोच चिमटा उलटा म्हाताऱ्याला काढला, त्याचीच शब्दरचना थोडी फिरवून. सभागृह कोसळलं. कमळाकर खुर्चीच्या हातावर थापा मारत हसले. असे हशे त्यांनी वहीत हजार वेळा कंसात टाकले होते. कशाला हसले ते मात्र सकाळच्या कुणाच्या तरी पाच मिनिटांत राहून गेलेलं असायचं.

सहा वाजून वीस मिनिटांनी सभा तहकूब झाली. त्यांनी टीव्ही बंद केला आणि आधी ठमाबाईचा फॉर्म भरून दिला. मग जेवायला बसल्यावर नूतनबाईंना सगळं सांगितलं, चिमटा कुठून निघाला आणि कुठे पोचला, अगदी पहिल्यापासून. वालाचं बिरडं संपलं, भात संपला, तरी ते सांगतच होते.

"पूर्वीचं बरं होतं हो," नूतनबाई म्हणाल्या. "पाच मिनिटांत आटपायचं." पण उठल्या नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रतिक्षा शिफ्ट संपवून स्कूटीवरून आली. येताना तिनं लोकसभेच्या संकेतस्थळावरून शून्य प्रहराचा वृत्तांत छापून आणला होता, बाबांनी फोन करून सांगितलंच होतं तसं. ठमाबाईला बोलावणं गेलं. कमळाकर वहीतलं वाचत गेले, प्रतिक्षा छापील कागदावर बोट ठेवून जुळवत गेली.

"सेम," ती म्हणायची. पुढच्या ओळीला पुन्हा, "सेम." तिसऱ्या ओळीला ती ठमाबाईकडे बघायला लागली.

शेवटच्या ओळीला मात्र तिचं बोट थांबलं. "बाबा, इथं 'पीने का पानी दीजिये' वर संपलंय. छाँव नाहीये."

कमळाकरांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं. नव्हती. "ठमाबाय, ही सावली कुठून आली?"

"माईक बंद झाल्यावर बोल्ली ती. व्हट हालत व्हते तिचे."

"पण आवाज नव्हता ना? मग तुला कसं ऐकू आलं?"

"आयकायला कशाला पायजे?" ठमाबाई म्हणाली. "बूट झालं, चश्मा झाला, पानी झाला. मंग ऱ्हायला काय? मिठागरात एक झाड नाय रं. आमी दुपारची भाकर टोपली डोक्यावर धरून खाल्ली हाय. तिनं तिच्याकडचा बगला आसल तर ती दुसरा काय बोलंल?"

प्रतिक्षानं कागद खाली ठेवला. कमळाकरांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. मग म्हणाले, "बरोबर असेल तुझं. पण रेकॉर्डात आपल्या मनचं घालता येत नाही गो. जे ऐकलं तेवढंच."

"मंग रेकॉर्डात नको घालूस. तिला पत्र लिव."

कमळाकरांनी पत्र लिहिलं. ठमाबाईनं सांगितलं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि खाली तिचा अंगठा. हिंदीत उतरवून काढलेला कागद वेगळा जोडला. पोस्टात ते स्वतः टाकून आले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, टाइप केलेलं नव्हे, हातानं लिहिलेलं. कमळाकरांनी ते ओटीवर बसून, मराठीत करत मोठ्यानं वाचलं. खासदारबाईंनी लिहिलं होतं, "माईक बंद झाल्यावर मी काय म्हणाले ते आता मलाही आठवत नाही. पण सावली राहून गेली होती, हे खरं. पुढच्या अधिवेशनात बोलायला मिळालं तर सुरुवात तिथूनच करीन."

"पुढचा कवा हाय?" ठमाबाईनं विचारलं.

"जानेवारीच्या शेवटाला सुरू होईल. तारीख कळली की सांगतो."

ठमाबाई बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "फेब्रुवारीत माझी तीन लग्नं हायत, दोन वडखळची न एक कोलाडचा. ते दिवस तेवढे सोडून बोलायला सांग तिला."

"असं सांगता येत नाही गो!"

"तू लिव तर," ठमाबाई म्हणाली, आणि वही आणायला स्वतःच आत गेली.