सहा रोपांचे शेंडे

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, हेडमास्तरकी सुटल्यावर कुणाला तरी शिस्त लावल्याशिवाय चैन पडेना. तेवढ्यात कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला आणि जाताना ऑलिव्हची बारा रोपं त्यांना देऊन गेला. टिळकवाडीतल्या आमच्या परसात ती दोन ओळींत लागली आणि आप्पांचा वर्ग पुन्हा भरला. त्या झाडांना पुढे कधी फळ धरलं नाही, पण तो दोष आप्पांच्या शिकवण्याचा नव्हे.

पहिल्या ओळीतल्या सहांना अमोनियम सल्फेट, दुसऱ्या ओळीला नुसतं पाणी. हे खत दिसायला थेट साखरेसारखं. आप्पा ते चमच्याने मोजून बुंध्यापासून वीतभर लांब पेरायचे आणि दर रविवारी फूटपट्टी लावून प्रत्येकाची उंची वहीत लिहायचे. खतवाली सहा बघता बघता वर सुटली. काटकुळी, सरळसोट, पण उंच. बाकीची सहा आपली होती तिथंच.

मी निपाणीकडची, तंबाखूवाल्यांच्या घरातली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी आप्पांच्या लेखी मी चहा आणून ठेवणारी सून. त्यामुळे नणंदेच्या वास्तुशांतीला सासूबाईंसह पुण्याला निघताना ते मला म्हणाले, “रोपं तुझ्यावर सोपवतोय,” तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

चार दिवस मी पोटच्या पोरांसारखी ती सांभाळली. पाचव्या दिवशी सकाळी पाणी घालता घालता खतवाल्या ओळीचे लुसलुशीत शेंडे दिसले आणि हात आपोआप पुढे गेला. आमच्याकडे तंबाखूचा शेंडा वेळेवर खुडला नाही तर पान जाड होत नाही. लहानपणापासून मी ओळीच्या ओळी खुडलेल्या. चट, चट, चट. सहावा शेंडा हातात आला तेव्हा कुठे भानावर आले. आप्पांची महिन्याभराची उंची माझ्या ओंजळीत होती.

पुण्याहून परतल्यावर आप्पा टांग्यातून उतरले ते थेट परसात.

“आप्पा, मीच खुडलं,” मी सांगून टाकलं. “सवयीनं हात गेला.”

“तंबाखू वाटली काय तुला? पुन्हा झाडांजवळ फिरकायचं नाही.”

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. पण ती बंदी रोपांच्या पथ्यावर पडली. खुडल्या जागेखालून, पानांच्या बगलेतून, नव्या फांद्यांचे कोंब म्हणजे बगलफुटी निघाल्या. तंबाखूच्या बगलफुटी आम्ही मोडून टाकतो. मला जवळ जाऊ दिलं असतं तर त्याही मी मोडल्या असत्या!

दोन-अडीच महिन्यांनी शेतकी खात्यातले एक अधिकारी रोपं बघायला आले. खतवाली सहा चांगली डेरेदार झाली होती.

“वा! नुसती उंची नाही, फांद्याही धरल्यात,” ते म्हणाले. “हा सल्फेटचाच गुण म्हणायचा?”

“दुसरं काय?” आप्पा म्हणाले.

पाहुण्यांनी खिशातून पेन्सिल काढली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. सासऱ्यांना पाहुण्यांसमोर खोटं पाडणारी सून आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. माझी माहेरी रवानगी झाली असती. पण आठ दिवसांचा अबोला माझ्या वाट्याला आणि गुण तेवढा खताचा, हे काही मला गिळवेना.

“खतानं न्हवं ओ ते,” माझ्या तोंडून माहेरची भाषाच बाहेर पडली. “खतानं नुसती उंच झालती. मी शेंडं खुडलं, म्हणून फुटली.”

 पाहुण्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मांडीवरची वही उघडून मागची पानं चाळली.

“खरं आहे,” शेवटी ते म्हणाले. “मी रागात होतो. वहीत लिहिलंच नाही.”

“किती पानं ठेवून खुडलंत?” पाहुण्यांनी मला विचारलं.

 आप्पा उठले, माझ्या हातातला ट्रे त्यांनी काढून घेतला आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“बसून सांग,” ते म्हणाले. “सावकाश. मी लिहून घेतो.”