चार नगरसेवक आणि गासच्या काकींची विहीर

मित्रहो, आजची गोष्ट मनातून जात नाही.

सकाळी प्रभाग कार्यालयात बाकावर शेजारी गास गावच्या एक काकी होत्या. त्यांचं गाव आता महापालिकेत आलंय. गटाराचं पाणी त्यांच्या विहिरीत शिरतंय. मला विचारलं, "भाऊ, सरपंच कवा येनार?"

महापालिकेचा कायदा मी कॉलेजात न जाता वाचून शिकलोय. चूक ऐकून गप्प बसवत नाही. म्हटलं, "काकी, सरपंच ग्रामपंचायतीत. इथे सहायक आयुक्त, वर आयुक्त. आयुक्तांना सरकार नेमतं. आपण निवडतो ते नगरसेवक. प्रभागात चार."

"चार? मंग माजं गटार कोनाच्या वाटनीचं?"

मी चौघांचे अधिकार समजावू लागलो. काकी पिशवी उचलून उठल्या. "ऱ्हाऊ दे भाऊ. सरपंचाला मी भर बाजारात अडवायची. तुमची ही मानसं कुठं अडवू?" आणि तक्रार न देताच गेल्या.

गटाराच्या तक्रारी घेणाऱ्या अभियंत्यांचं टेबल आतच होतं, मला ठाऊक होतं. काकींना तिथवर नेलं असतं तर बरं झालं असतं.

नावही विचारलं नाही. गासमधलं कुणी त्यांना ओळखत असेल तर कळवाल का?