सोडून दिलेलं गणित

"पण सर, उत्तर बरोबर आलं होतं की माझं! आगगाडीची लांबी दोनशे चाळीस मीटर. पर्यायात होतं. उलटं करून ताडूनसुद्धा बघितलं मी."

"ताडलंस ना? किती वेळ गेला?"

"चौदा मिनिटं."

"बावीस गणितं, चाळीस मिनिटं. त्यातली चौदा तू एका गाडीला दिलीस. तेवढ्या वेळात खरी गाडी दोन स्टेशनं पुढं जाते, बाई!"

शिकवणीतली पोरं खदखदून हसली. तीही हसली, पण खाली मान घालून. व्यवस्थापनाच्या कॉलेजात जायची तिची ती पहिली परीक्षा. दुसऱ्या वर्षी गाडी सुटली आणि टाकी आडवी आली. दोन नळ भरायचे, एक रिकामी करायचा. त्या टाकीत बाई गळ्यापर्यंत बुडाली. उत्तर तेव्हाही बरोबरच आलं होतं.

बाप तिला गोचीड म्हणायचा. लहानपणी दोऱ्याचा गुंता हातात आला की जेवणखाण सोडून बसायची, पण कात्री लावू द्यायची नाही. धंदाही तसलाच होता, रफूचा. कोटाला सिगारेटचं भोक पडलं की त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे, आधी उभे भरायचे, मग आडवे, एकाखालून, एकावरून. भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकालाच सापडू नये. अर्धं भोक बुजवून पुढच्या कपड्याला हात घालता येत नाही. त्या हाताला सर सांगत होते, दोन मिनिटांत जमलं नाही तर सोड.

"माझ्या बापानं सोडवायला शिकवलं, आणि तुम्ही सोडायला शिकवताय," ती म्हणाली.

"एका 'व'चा तर फरक आहे," सर म्हणाले. "तेवढा गिळ."

तिसरी खेप शेवटची होती. बापाचे डोळे अधू झाले होते. एका गिऱ्हाइकाच्या गडद निळ्या पँटला त्यानं काळ्या दोऱ्यानं रफू केलं, आणि त्या माणसानं ती पँट त्याच्या अंगावर फेकली. त्या दिवशी बापानं तिला समोर बसवून सांगितलं, "यंदा लागलीस तर दुकान मोडू. मी थोरलीकडं जाईन राहायला. नाही लागलीस तर दुकान तुझं. मग पुस्तकं वर ठेवायची. हातचं सोडून पळत्याच्या मागं किती पळशील?"

"बरं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग तिनं सोडायचा सराव धरला. इस्त्रीला टेकवून पुस्तक उभं करायची, शेजारी मोबाईलचं घड्याळ. दोन मिनिटं झाली की टुंग. टुंग झालं की पान उलटायचं. पहिला महिना पान उलटलं तरी ओठ मागच्याच गणितावर हलत राहायचे. बाप म्हणायचा, "सुंभ जळेल, पण पीळ काही जळायचा नाही." पण तिसऱ्या महिन्यात पीळही सुटला. पाच ओळींच्या वर गणित दिसलं की हात लावायचा नाही, हा सरांचा नियम तिच्या हाडात उतरला. सराव परीक्षेत गुण चढायला लागले.

आणि एक दिवस एक म्हातारी शाल घेऊन परत आली. एका कडेला बोटभर भोक तसंच होतं. उभे धागे भरलेले, आडवे नाहीत. बापानं शाल डोळ्यांशी नेली, मग बोटांनी चाचपली.

"हे काय गं?"

"राहिलं."

"रफूत राहिलं म्हणतात होय? तुझ्या सरांनी हात बिघडवला तुझा."

तिनं शाल घेतली, पुरी केली, म्हातारीला घरपोच देऊन आली.

निकाल लागला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. दुकानात ती आणि बाप, दोघंच. एकूण गुण भरपूर होते. पण गणिताच्या भागात किमान लागतात त्यापेक्षा दोन कमी. एका बरोबर उत्तराला तीन मिळतात. आठ गणितं सोडली होती तिनं. त्यातलं एक जरी केलं असतं तरी काम झालं असतं.

आठांतलं एक तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. नऊ ओळींचं. पावतीच्या मागं ते तिनं मांडलं. ओळीच तेवढ्या लांबवलेल्या. आत काही नव्हतंच.

"जमलं?" बापानं विचारलं.

"जमलं."

"किती वेळात?"

"दीड मिनिट."

बाप बराच वेळ सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिला. जमेना, तेव्हा म्हणाला, "होतं तरी काय त्यात?"

"एक काम एकटा अ बारा दिवसांत करतो, एकटा ब अठरा दिवसांत. दोघांनी मिळून चार दिवस केलं आणि अ निघून गेला. उरलेलं ब किती दिवसांत करील?"

"अ का निघून गेला?"

"ते दिलेलं नसतं, बाबा."

"आणि ब?"

"त्याला आठ दिवस लागतात."

"एकट्याला?"

"हो, एकट्यालाच."

तिचे डोळे भरून आले होते. तिनं मनगटानं ते पुसले, कारण बोटं ओली झाली की धागा सरकत नाही. तीन वर्षांची पुस्तकं तिनं पोत्यात भरली आणि पोतं फळीवर ढकललं. पोतं पुढं लोंबत होतं, म्हणून आणखी एक धक्का दिला.

"राखाडी कोट आज संध्याकाळी न्यायचाय गिऱ्हाइकाला," बाप म्हणाला. "कोपराला दोन भोकं आहेत."

"तीन आहेत," ती म्हणाली.

कोट तिनं उलटा केला, काखेजवळची शिवण उसवली आणि उजेडाकडं धरून आतला राखाडी धागा हळूहळू ओढायला लागली.