मोडनिंबची लिंक

आमच्या टॉवेल-चादरींच्या पेढीत वेबसाइटचा रिपोर्ट उघडल्याशिवाय बोहनी होत नसे, आणि रिपोर्ट उघडायला अर्धा तास लागे. तोवर एकही पार्सल हलायचं नाही, हा मालकांचा दंडक. कुरिअरवाला दारात हॉर्न वाजवायचा, मालक उदबत्ती लावून कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि पडद्यावर एक चक्र नुसतं फिरत राहायचं. शिव्या मात्र मला, कारण रिपोर्ट मी बांधलेला.

खरं तर दोष मालकांच्या आमंत्रणांचा होता. "नाव घेऊन बोलावल्याशिवाय कोण येतंय?" असं म्हणून त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला, पाहुण्याला, कुंभारी गावच्या व्याह्यांनासुद्धा वेगळी लिंक करायला लावली होती. लग्नपत्रिकेवर घालतात तसं प्रत्येक लिंकमध्ये ज्याचं त्याचं नाव. कोण येऊन गेलं ते रिपोर्टात नावानिशी दिसायचं. वेबसाइट सुरू झाल्यापासूनची ही अख्खी वरात रिपोर्ट रोज सकाळी पहिल्यापासून मोजायला घ्यायचा. मग दुसरं काय होणार?

आणि त्या वरातीत मालक शोधत एकच नाव, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. मोडनिंबचे त्यांचे थोरले भाऊ. वेबसाइट काढताना आपल्याला विचारलं नाही म्हणून ते रुसले होते. दोघांचं बोलणं बंद होतं. मालक त्यांनाही रोज लिंक पाठवत आणि रिपोर्टात त्यांच्या 'मोडनिंब' या नावासमोर रोज शून्य दिसे. मालक क्षणभर बघत, मग म्हणत, "चला, बोहनी करा."

शेवटी माझं डोकं फिरलं. एका रविवारी ठाण मांडून बसले. जुना डेटा एकदाच आणून ठेवला, रोज फक्त आदल्या दिवसाचा आणायची सोय केली आणि नावांचा रकाना काढून नुसते आकडे ठेवले. मोडनिंब तेवढं राखलं. मला नोकरी टिकवायची होती.

सोमवारी उदबत्ती नीट पेटायच्या आत रिपोर्ट उघडला. मी शाबासकी घ्यायला जय्यत तयार उभी.

मालकांनी संशयानं विचारलं, "एवढ्या लवकर? कच्चं तर न्हाय ना राहिलं?"

मग त्यांनी मोडनिंब बघितलं. शून्य. "चला" काही म्हणेनात.

"मॅडम, काम लई झ्याक केलंय तुमी," ते हळूच म्हणाले. "पण आधी अर्धा तास तरी वाटायचं की, आला असंल. परत हळू करता येतंय का?"

मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला. रविवार घालवला होता मी.

"येतंय," मी म्हटलं. "पण अर्ध्या तासानंही शून्यच दिसणार. त्यापेक्षा फोन करा की!"

आता आपली गच्छंती, असं मी धरून चालले. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग फोन उचलला. त्यांना स्पीकर बंद करता येत नाही, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"अण्णा," मालक म्हणाले. आवाज पार बारीक झाला होता. मग घरच्या कानडीत त्यांनी चहा झाला का विचारलं.

पलीकडून थोरल्यांचा दणदणीत आवाज आला, "रोज ते निळं निळं काय पाठवतोस रे? नाव घेऊन बोलाव की! लिंकवर कोण येतंय?"

मालकांनी उपरण्यानं डोळे पुसले. दोघांचं बोलणं थांबेना, आणि 'बोहनी करा' म्हणायचं मालकांच्या ध्यानातच राहिलं नाही. दारात हॉर्न वाजत होता आणि त्यांचा दंडक मोडायची कुणाची छाती होईना. त्या दिवशीही पार्सलं अर्धा तास उशिराच गेली.