शांत कॉम्प्रेसरचे उद्घाटन

कारखान्यात त्यांना सगळे थांबाभाऊ म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच कमावले होते. कुठलेही काम सुरू व्हायच्या आधी त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघे तो 'थांबा'. घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणे, "लग्न तेवढं ह्यांनी न थांबता केलं, आणि तेव्हापासून तपासत बसलेत."

तेवीस वर्षे ते कारखान्याचा मोठा कॉम्प्रेसर सांभाळत होते. आडवी लांबलचक टाकी, तिच्यावर मोटर, पंप आणि पट्ट्याने फिरणारे जाड चाक. रंगाच्या फवाऱ्यापासून नट आवळायच्या पान्यापर्यंत सगळे त्याच्या हवेवर चाले. मालकांचे जावई मॅनेजर झाले आणि नवी शेड उभी राहिली, तेव्हा हे धूड भंगारात काढावे असे जावईबापूंचे मत पडले. मालकांनी मधला मार्ग काढला. नव्या जागी नीट चालला तर राहील, नाहीतर भंगारवाला बोलवा. थांबाभाऊंच्या निवृत्तीला अजून तीन वर्षे होती. यंत्र गेल्यावर ते सांभाळणाऱ्याला कोण ठेवणार, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होते.

हलवायच्या दिवशी त्यांनी टाकीतली सगळी हवा सोडली, खालच्या तोटीतून साठलेले पाणी काढले, उघड्या पाइपांना बुचे ठोकली. क्रेनवाल्याने घाईने मोटरवरच्या कडीत हुक अडकवला.

"थांबा," थांबाभाऊ म्हणाले. "ती कडी एकट्या मोटरची आहे. सगळं बिऱ्हाड तिच्यावर उचलू नका."

मग पट्टे टाकीच्या पायांखालून गेले. ट्रकवर यंत्र त्याच्या पायांवरच ठेवले, पाचरी ठोकल्या, चारी बाजूंनी बांधले. वाटभर थांबाभाऊ केबिनमधून मान वळवून मागे बघत राहिले. ड्रायव्हरने विचारले, लेकीला सासरी पोचवताय की काय. लेक निदान दुखलं-खुपलं तर सांगते तरी, असे म्हणून थांबाभाऊंनी मान पुन्हा मागे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उद्घाटन होते. थांबाभाऊ साडेदहाला पोचले आणि जागच्या जागी खिळले. ते आदल्या संध्याकाळी घरी गेल्यावर जावईबापूंनी रंगारी बोलावला होता. कॉम्प्रेसर डोक्यापासून पायापर्यंत निळाशार झाला होता. रंगारी कामाला चोख. तेलाची पातळी दाखवणारी छोटी काच त्याने सोडली नव्हती, आणि चाक कुठल्या बाजूने फिरायला हवे ते सांगणारा बाणही सोडला नव्हता. वायरमनने वायरी जोडून ठेवल्या होत्या. फीत बांधून तयार होती.

काच खरवडायला थांबाभाऊंनी खिशातला चाकू काढला, तसे जावईबापू धावले.

"रंग खराब होईल."

"साहेब, तेल किती आहे ते दिसत नाही."

"आत आहे ना? मग राहू दे आतच."

"वायरींची अदलाबदल झाली असेल तर चाक उलटं फिरेल. पंप तापून जाम होईल."

"पाहुण्यांना उलटं-सुलटं कुठे कळतंय?"

थांबाभाऊंनी वायरमनला बाजूला घेतले. मेन स्विच पाडून दोघांनी स्टार्टरमधून मोटरच्या तेवढ्या वायरी सोडवल्या, टोके टेप लावून बंद केली आणि दिव्याची वायर राहू दिली.

"पाहुण्यांना बटण दाबू द्या, साहेब. हिरवा दिवा लागेल," ते म्हणाले.

जावईबापूंनी पुढचे विचारले नाही. विचारले असते तर थांबाभाऊंनी सांगितले असते. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती, पण न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायचीही नव्हती.

पाहुण्यांनी फीत कापली, बटण दाबले, हिरवा दिवा लागला, टाळ्या पडल्या. पाहुणे भाषणात म्हणाले की आयुष्यात पुष्कळ कारखाने पाहिले, पण इतका शांत कॉम्प्रेसर पाहिला नाही; यंत्रांकडून माणसांनी हा गुण घ्यावा. जावईबापू विनयाने म्हणाले, "त्याच्यावर आम्ही बरंच काम केलंय." पहिल्या रांगेतल्या मालकांनी थांबाभाऊंकडे एकदा बघितले आणि ग्लासभर पाणी प्यायले.

पाहुणे जेवून गेल्यावर थांबाभाऊंनी काच खरवडली. तेल खुणेच्या बोटभर खाली होते, ते भरले. चाक हाताने फिरवून पाहिले. मग वायरी जोडून डोळ्याचे पाते लवेल एवढाच वेळ बटण दाबले. चाक उलटे फिरले. वायरमनने मेन स्विच पाडून दोन वायरींची अदलाबदल केली. पुन्हा दाबले, सुलटे फिरले. दहा मिनिटे तोटी उघडी ठेवून यंत्र मोकळेच चालवले आणि मग तोटी बंद केली. दाबाचा काटा शून्यावरून हलला, तेव्हा थांबाभाऊंनी कपाळ पुसले.

सगळी शेड दणाणू लागली. जावईबापू धावत आले.

"काय बिघडलं? सकाळी तर आवाजसुद्धा नव्हता."

"सकाळी तो चालू नव्हता, साहेब."

जावईबापू हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. मागून मालक आले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "मग काय, भंगारवाल्याला बोलवायचं?"

"आता कसं बोलवणार?" जावईबापू म्हणाले. "एवढं कौतुक झालंय सगळ्यांसमोर. फोटो निघालेत." मग ते थांबाभाऊंकडे वळले. "पण हा पाहुण्यांनी ऐकला तेवढा शांत करता येईल का?"

तेवढा नाही, थांबाभाऊ म्हणाले, पण त्याला हवा खेळती राहील अशी वेगळी खोली बांधली, तर बाहेर आवाज कमी येईल. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली. मालक परत फिरले होते, वायरमन हत्यारे ठेवायला गेला होता; तिचे दुसरे टोक धरायला जवळ दुसरे कोणी नव्हते. ते जावईबापूंनी धरले.