फ्रिजरमधल्या दोन हिरव्या बाटल्या

कॉलेजचा फ्रिजर बिघडला तेव्हा मी दोन तलावांतलं नीलहरित शेवाळ चौबे कॉलनीतल्या आमच्या घरच्या फ्रिजात आणून ठेवलं. गोठवायचं, वितळवायचं, पुन्हा गोठवायचं. असं तीन-चारदा केलं की पेशी फुटतात आणि आतली रंगीत प्रथिनं पाण्यात उतरतात. त्या रंगावरून जात ओळखायला मदत होते. एरवी बाहेरून सगळं मेलं हिरवंच दिसतं.

बाटल्या दोन होत्या. एक घरामागच्या तलावाची, दुसरी सिलतऱ्याच्या रस्त्यावरच्या तलावाची. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत सारखेच धागे दिसले, म्हणून मी दोन्ही चिठ्ठ्यांवर तलावाच्या नावाखाली ठसक्यात जातीचं एकच नाव लिहिलं होतं.

शेवटचं वितळवायला म्हणून बाटल्या बाहेर काढल्या तर चिठ्ठ्या गायब! आईनं दोन्ही बाटल्या घासून लख्ख केल्या होत्या.

"काहून पुसलं? कोणती कुठची, कसं कळंल आता मले?" मी भडकले.

"मटाराच्या बाजूले चिखल ठेवू काय?" आईनं उलट मलाच विचारलं.

बाटल्या ओट्यावर ठेवून मी तोंड फुगवून बसले. दुपारपर्यंत गाळ खाली बसला. एकीतलं पाणी नीळ घातल्यासारखं निळं झालं होतं, दुसरीतलं चक्क गुलाबी. म्हणजे जाती दोन होत्या.

"मी दोन्हीवर एकच नाव लिहिलं होतं," मी हळूच कबूल केलं. "चुकलंच ते."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग चुकीचंच तं पुसलं न मी."